दहा हजार वेळा खेळवलं, म्हणून चोरी पकडली?

एखादा बुद्धिबळपटू अचानक जिंकतच सुटला की हा दावा हमखास फिरू लागतो: ‘संगणकावर दहा हजार वेळा सिम्युलेशन केलं, असा निकाल एकदाही आला नाही. म्हणजे फसवणूक झाली.’ सिम्युलेशन म्हणजे खेळाडूंच्या ताकदीचे आकडे देऊन संगणकाकडून तेच डाव पुन्हा पुन्हा खेळवून पाहणं. ऐकायला पक्कं वाटतं. पण तपासून बघा.

‘एकदाही आला नाही’ याचंच घ्या. 2014 च्या सिंकफील्ड कप या बुद्धिबळ स्पर्धेत ग्रँडमास्टर फाबियानो कारुआनाने पहिले सातही डाव जिंकले, तेही कार्लसन, अरोनियन, टोपालोव यांच्यासारख्या अव्वल खेळाडूंविरुद्ध. प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी रेटिंग, म्हणजे ताकद दाखवणारा आकडा, जवळपास त्याच्याइतकंच. निम्मे डाव बरोबरीत सुटतात असं धरलं, तर एक डाव जिंकण्याची शक्यता पाव. सलग सात जिंकण्याची 16,384 मध्ये एक. म्हणजे सिम्युलेशनच्या दहा हजार फेऱ्यांत हा पराक्रम एकदाही न दिसण्याचीच शक्यता निम्म्याहून जास्त! मग कारुआनालाही चोर म्हणायचं का?

आता ‘आकडे खोटं बोलत नाहीत’ हे पालुपद. आकडे नसतील बोलत, पण त्यांच्या तोंडी शब्द आपणच घालतो. 2023 मध्ये माजी विश्वविजेता क्रामनिकने ग्रँडमास्टर नाकामुराच्या ऑनलाइन ब्लिट्झमधल्या (काही मिनिटांत संपणाऱ्या झटपट डावांतल्या) 46 डावांत 45.5 गुणांकडे (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) बोट दाखवलं आणि अशा हिशेबांना ऊत आला. सोयीसाठी सगळे 46 डाव जिंकले असं धरू. रेटिंगच्या इलो सूत्रानुसार दोघांच्या रेटिंगमध्ये 400 चा फरक असेल तर डावामागे साधारण 0.91 गुण अपेक्षित असतात, 500 चा असेल तर 0.95. ढोबळमानाने हीच जिंकण्याची शक्यता मानली, तर 91 टक्क्यांना सलग 46 विजय साधारण 77 मध्ये एकदा येतात, 95 टक्क्यांना मात्र दहा-अकरात एकदा. गृहीतक किंचित हललं की उत्तर सात पटींनी बदलतं. दहा हजारांऐवजी दहा लाख फेऱ्या चालवल्या तरी ही चूक तशीच राहते, फक्त जास्त दशांश स्थळांनी छापली जाते.

शिवाय हे 46 डाव आले कुठून? दहा हजार डाव खेळणाऱ्याकडे असे 46-46 चे दोनशेहून अधिक गठ्ठे निघतात. त्यातला सर्वांत चमकदार आधी निवडायचा आणि मग ‘याची शक्यता किती?’ विचारायचं, म्हणजे भिंतीवर बाण मारून नंतर त्याभोवती वर्तुळ काढणं.

प्रत्येक डाव स्वतंत्र असतो, हे गृहीतकही ब्लिट्झमध्ये टिकत नाही. सलग हरलेला माणूस चिडून आणखी वाईट खेळतो, हे खेळणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि प्रामाणिक खेळाडूकडून असा निकाल येणं दुर्मीळ आहे, म्हणून असा निकाल आणणारा अप्रामाणिकच, ही उलटी उडी तर्कात बसत नाही.

सिम्युलेशन टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कुठे बघायचं ते त्यातून कळतं. पण पुढचं काम चालींचं. बुद्धिबळातली फसवणूक संख्याशास्त्राने तपासणारे केनेथ रीगन निकाल मोजत बसत नाहीत, खेळाडूच्या चाली इंजिनच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामच्या, चालींशी ताडून पाहतात. कारुआनाची मालिका आठव्या डावात कार्लसनविरुद्ध तुटली. वरचढ स्थिती हातची सोडून त्याने बरोबरी पत्करली, आणि सिम्युलेशनच्या तक्त्यात तिथे फक्त ‘अर्धा’ दिसतो.