आधी पोच द्या, ॲपचं नंतर बघू

मागच्या दिवाळीत घरी आले होते तेव्हा आईबरोबर नगरपरिषदेत गेले. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं तरी घरपट्टीचं बिल अजून त्यांच्याच नावाने येत होतं, वारस म्हणून आईचं नाव लावायचं एवढंच काम, आणि त्यासाठी आई तोवर चार खेपा घालून आलेली. एकदा साहेब मीटिंगला गेलेले, एकदा सर्व्हर डाउन, एकदा मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स नीट दिसत नाही म्हणून परत पाठवलं, आणि चौथ्या वेळी "मावशी, तुमचा अर्ज काही सापडत नाही, नवीन देऊन ठेवा." मी आईला विचारलं, आधीच्या अर्जाची पोच कुठेय? तर म्हणाली, "पोच कोण देतं गं? ठेवून घेतला ना त्यांनी अर्ज."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. आई शाळेत शिक्षिका होती, अडाणी बाई नाही, पण आपण दिलेल्या कागदाचा पुरावा आपल्याला मिळायला हवा, तो मागायचा असतो, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

मी चौदा वर्षं इंग्लंडमध्ये राहते, बर्मिंगहॅमच्या शेजारच्या एका गावात. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रस्ते, कचरा, दाखले यावर काही निघालं की वाद ठरलेला असतो. काका म्हणणार, तिकडची माणसंच शिस्तीची, आपल्याकडे काही होणार नाही. भाचा म्हणणार, सगळं ऑनलाइन करून टाका, मधला माणूसच काढा म्हणजे प्रश्न मिटला. आणि मग दोघंही मला विचारणार, तू तिथे राहतेस, तू सांग. म्हणून आज नीट सांगते, कारण मला दोघांचंही पटत नाही.

तिकडची माणसं वेगळी असतात हे तर पहिल्यांदा डोक्यातून काढा. बर्मिंगहॅम सिटी कौन्सिल ही लोकसंख्येच्या हिशेबाने युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्थानिक संस्थांपैकी एक, आणि तिने सप्टेंबर २०२३ मध्ये चक्क हात वर केले. १९८८ च्या एका कायद्यातल्या कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे साध्या भाषेत, वर्षाचा खर्च उत्पन्नात बसत नाही, आता कायद्याने करायलाच लागणारा खर्च सोडून नवीन खर्च बंद. कारणं बरीच होती. वरून येणारं अनुदान कित्येक वर्षं आटत गेलेलं, हिशेबाची नवी कॉम्प्युटर सिस्टीम फसली आणि तिचा खर्च कुठल्या कुठे गेला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्वयंपाक, सफाई, वृद्धांची देखभाल अशी कामं करणाऱ्या बायकांना त्याच दर्जाची कामं करणाऱ्या पुरुषांपेक्षा वर्षानुवर्षं कमी पैसे दिले होते, त्याचं देणं अंगावर आलं. मग सरकारने देखरेखीला वर कमिशनर बसवले, २०२४ मध्ये लोकांचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिकडची घरपट्टी, जवळपास १० टक्क्यांनी वाढला, लायब्ररींचे तास कमी झाले. त्यानंतर २०२५ मध्ये कचरा कामगारांचा संप. मार्चपासून पूर्ण संप सुरू झाला आणि महिनाअखेरीला कौन्सिलला आणीबाणीची परिस्थिती जाहीर करावी लागली, रस्त्यावर १७ हजार टन कचरा साठलाय असं कौन्सिलनेच सांगितलं. काळ्या पिशव्यांचे ढीग आणि उंदीर यांचे फोटो तुमच्याकडेही पोचले असतील. शिस्तीची माणसं तीच होती की, कचरा उचलला गेला नाही तर त्यांचाही रस्ता तसाच दिसतो.

म्हणजे तिथेही मोडतं. फरक मला दिसतो तो मोडल्यानंतर काय होतं यात. त्या नोटिशीचा कागद कुणीही वाचू शकतं, मीटिंगची विषयपत्रिका आणि तिच्यासोबतचे रिपोर्ट पाच पूर्ण दिवस आधी लोकांसाठी खुले ठेवायला लागतात, दरवर्षी ३० कामकाजाचे दिवस कौन्सिलच्या हिशेबाच्या वह्या-बिलं बघायचा हक्क असतो आणि मतदाराला ऑडिटरकडे हरकत घेता येते. हे फार लोक करत नाहीत, मी स्वतः एकदाही केलेलं नाही. पण कुणीतरी बघू शकतं हे माहीत असलं की कागद लिहिणारा माणूस जपून लिहितो.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. आम्ही घर बदललं तेव्हा आमच्या कौन्सिलने जुन्या घराचा टॅक्स लावतच ठेवला, मग थकबाकीची नोटीस, मग कोर्टात जाऊ अशी ताकीद. मी फोन केले, प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची, थोडक्यात तुमच्याकडे होतं तसंच. शेवटी लेखी तक्रार केली आणि तिथून चित्र बदललं. तक्रारीला नंबर मिळाला, कोण बघणार त्याचं नाव मिळालं, आणि पहिलं उत्तर कधीपर्यंत ते मिळालं. तिकडच्या लोकपालाने, म्हणजे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनने, आता यासाठी नियमावलीच करून दिली आहे: तक्रार मिळाल्याचं पाच कामाच्या दिवसांत कळवायचं, त्यानंतर दहा दिवसांत पहिलं उत्तर, ते पटलं नाही तर दुसऱ्या पायरीवर वीस दिवस, आणि तेही पटलं नाही तर आमच्याकडे या, फी नाही. माझी तक्रार दुसऱ्या पायरीवर मिटली. माफीचं पत्र आलं, जास्तीचे पैसे परत आले. पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर पहिल्या पत्रात, ज्यात त्यांनी मला चक्क नाही म्हटलं होतं, त्यातच खाली लिहिलेलं होतं की हे पटलं नाही तर पुढे कुठे आणि किती दिवसांत जायचं. नकार लेखी होता आणि त्याला कारण होतं, म्हणून तर मला तो खोडता आला.

आता गंमत अशी नाही की आपल्याकडे हे नाही. आपल्याकडे हे आहे! महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला, त्याला दहा वर्षं होऊन गेली. त्यात स्पष्ट आहे की अर्ज घेतला की पोच द्यायची, तिच्यावर नंबर, तारीख आणि काम किती दिवसांत होणार ती मुदत. कार्यालयाने कुठल्या सेवा, कोण अधिकारी, किती दिवस, हे बोर्डावर लावायचं. काम नाकारलं तर कारण लेखी द्यायचं. त्यावर पहिलं अपील, दुसरं अपील, त्याच्याही वर राज्याचा आयोग. योग्य कारणाशिवाय काम अडवलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. जन्म-मृत्यूचे दाखले, विवाह नोंदणी, घराला वारसाचं नाव लावणं, सगळं त्यात बसतं. मी हा कायदा इंग्लंडमध्ये बसून रात्री वाचला आणि मला रडू यायचं बाकी होतं, कारण तो चांगला आहे, आणि आई चार वेळा रिकाम्या हाताने उन्हातून घरी आली होती.

आणि या सगळ्याची किल्ली ती पोच आहे. मुदत पोचेवरच्या तारखेपासून मोजायची, अपिलात पोच जोडायची, दंड लावायचा तर उशीर किती झाला ते पोचेवरून ठरणार. पोचच नाही तर अर्जच नाही, मग उशीर कसला आणि दंड कुणाला? अख्खा कायदा त्या एका चिठ्ठीवर उभा आहे आणि काउंटरवर नेमकी तीच मिळत नाही.

म्हणून भाच्याचं म्हणणं मला अर्धंच पटतं. राज्य सरकारच्या 'आपले सरकार' या पोर्टलवरून अर्ज केला की नंबर आपोआप येतो, ही मोठी गोष्ट आहे, ज्यांना जमतं त्यांनी तसाच करावा. आता व्हॉट्सॲपवर सेवा देण्याचंही सरकारने जाहीर केलंय, चांगलंच आहे. पण माझी आई, शेजारच्या काकू, भाजीवाले दादा हे काउंटरवरच जाणार, आणि काउंटरवरच्या माणसाला कागद घेऊन नुसता बाजूला ठेवायची सवय असेल तर ॲपवर आलेला अर्जही तो तसाच बाजूला ठेवेल, फक्त तो आता स्क्रीनवर "प्रलंबित" दिसेल. इंग्लंडमध्येही ऑनलाइन फॉर्म भरून काहीच न झाल्याच्या तक्रारी ढीगभर असतात.

तर त्या दिवशी मी नवा अर्ज दिला आणि पोच मागितली. काउंटरवरचे भाऊ म्हणाले, "ताई, पोच नाही देत आम्ही, नोंद करून ठेवतो ना." आवाज चढवायचा नाही असं मी ठरवून गेले होते. म्हटलं, ठीक आहे, मग आवक-जावकला देते. त्या टेबलावरच्या बाईंनी झेरॉक्सवर शिक्का मारला, आवक नंबर टाकला, तारीख टाकली, सही केली. दोन मिनिटं लागली. दीड वर्षात पहिल्यांदा आईच्या हातात काहीतरी आलं.

मला त्या भाऊंबद्दल राग नाही हे मुद्दाम लिहिते. त्यांच्याकडे कर विभाग आहे, शेजारचं टेबल रिकामं म्हणून तेही त्यांच्याकडेच आहे, वसुलीच्या दिवसांत दारोदार फिरायला त्यांनाच पाठवतात आणि निवडणूक आली की ड्युटीही त्यांनाच लागते. त्यांनी पोच दिली तर मुदत चुकल्यावर अडकणार ते, जागा न भरणारे वरचे कुणी अडकणार नाहीत. पोच न देणं ही त्यांची स्वतःला वाचवायची रीत आहे, आणि ती तोडायची तर माणसं द्यायला लागतील, पैसे लागतील. इंग्लंडमध्ये आम्ही त्याचे पैसे मोजतो बरं का, मधल्या 'डी' गटातल्या घराला कौन्सिल टॅक्स सरासरी वर्षाला दोन हजार पौंडांच्या वर जातो आणि तरी कौन्सिलचं भागत नाही. आपल्याकडे घरपट्टी चार रुपये वाढवायची म्हटली तरी सगळे पक्ष एका सुरात विरोध करतात आणि आपणही टाळ्या वाजवतो. काका, यात तुम्हीही आलात.

आणि आणखी एक, जे मला फार लागलं. आईला मी म्हटलं नगरसेवकाला सांगायचं ना, तर ती म्हणाली, "नगरसेवक आहे कुठे?" खरंच नव्हता. मुदती संपून गेल्या तरी निवडणुका नाहीत, सगळीकडे प्रशासक. मुंबई आणि पुण्यात तर मार्च २०२२ पासून. शेवटी सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग डिसेंबरात नगरपरिषदांचं आणि जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं. इतकी वर्षं लोकांनी निवडून दिलेलं तिथे कुणीच नव्हतं, आणि यावर आमच्या ग्रुपवर एकदाही वाद झाला नाही, माझ्याकडूनही नाही. बर्मिंगहॅममध्ये कमिशनर बसवले तेव्हा निवडलेले कौन्सिलर खुर्चीवर होतेच, लोक त्यांना जाऊन जाब विचारत होते.

आता नगरसेवक निवडून आलेत. आमच्या वॉर्डातल्या ताई प्रचारात ॲप आणतो म्हणाल्या होत्या. मी आईला म्हटलं, तू त्यांना भेटून एवढंच सांग की ॲप येईल तेव्हा येईल, आधी प्रत्येक काउंटरवर पोच द्यायला लावा आणि दर महिन्याच्या सभेत विचारा की किती अर्ज आले, किती मुदतीत झाले, किती नाकारले आणि का. याला टेंडर लागत नाही.

आईच्या अर्जाचं काय झालं? लगेच काम झालं नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं, त्रुटी आहे, सगळ्या वारसांचं संमतीपत्र जोडलेलं नाही. दीड वर्षात ही गोष्ट कुणी तोंडाने पण सांगितली नव्हती. मी इथून माझी संमती करून पाठवली, भावाने तिकडे केली, आणि फेब्रुवारीत बिलावर आईचं नाव आलं. तिने बिलाचा फोटो पाठवला, आणि त्याच्याखाली आणखी एका कागदाचा. तो शेजारच्या काकूंचा अर्ज होता, त्यांच्या नळजोडणीचं वर्षभर अडलंय. कोपऱ्यात निळा शिक्का, आवक नंबर, तारीख. आई त्यांच्याबरोबर गेली होती.