"त्यांचा एखादा चांगला फोटो असेल ना?"

पंधरा दिवसांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास फोन आला. ठाण्यातल्याच एका संगीत मंडळातले ओळखीचे गृहस्थ होते. "ताई, आपले पेटीवाले काका गेले हो संध्याकाळी. त्यांचा एखादा चांगला फोटो असेल ना तुमच्याकडे? पेपरला द्यायचाय."

म्हटलं, असेल की. वीस वर्षं ठाण्यात कार्यक्रमांचे फोटो काढतेय. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, सहयोग मंदिर, सोसायट्यांच्या दिवाळी पहाट. काका तर दर दुसऱ्या कार्यक्रमात साथीला असायचे. दोन्ही हार्ड डिस्क काढल्या आणि पहाटे अडीचपर्यंत शोधत बसले. काका १७ फोटोंत सापडले. ११ फोटोंत गायिकेच्या मागे, धूसर. ४ फोटोंत माइकचा स्टँड नेमका चेहऱ्यावरून गेलेला. एकात मान पूर्ण खाली, पट्ट्यांवर. उरलेल्या एकात ते छान हसत होते, पण तो कार्यक्रमानंतरचा घोळक्यातला फोटो. तोच कापून पाठवला. छापून आला तेव्हा काकांच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं दिसत होती.

ती बोटं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

कारण मी फोटो काढायला कुठे कुठे जाते! वागळे इस्टेटमध्ये दागिन्यांच्या आणि साड्यांच्या कॅटलॉगचं काम करून जे पैसे सुटतात, त्यातून पेट्रोल आणि टोल भरून गेली सहा वर्षं मी गाणाऱ्या, वाजवणाऱ्या आणि वाद्यं घडवणाऱ्या माणसांची पोर्ट्रेट काढत हिंडतेय. मिरज, जव्हार, नारायणगाव, जेजुरी. आणि काका चरईत माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर राहायचे.

या प्रवासांबद्दल मला नेहमी विचारलं जातं की एवढं लांब कशाला जातेस, कार्यक्रमाला मुंबईत येतात तेव्हा स्टुडिओत बोलावून घे. मी सुरुवातीला तेच केलं होतं. मागे काळा पडदा, बाजूने सॉफ्टबॉक्स. चार-पाच जणांचे फोटो तसे काढले आणि सगळे सारखे आले. माणूस अवघडून बसायचा, वाद्य मांडीवर पाहुण्याच्या मुलासारखं धरायचा. घरी हाच माणूस वाद्याला टेकून चहा पितो, खुंटीला चष्मा अडकवतो. हे घर ठाण्याला आणता येत नाही. आपणच जायला लागतं.

मिरजेला मी पहाटे चारला निघते. मुंब्रा बायपासवर ट्रक असतातच, पण शिळफाट्यावरून कळंबोली गाठली की रस्ता मोकळा होतो. पावणेचारशे ते चारशे किलोमीटर आहे. जाताना गाडीत मी काहीही लावत नाही. पूर्वी लावायचे, ज्या घराण्याच्या माणसाकडे चाललेय त्याच घराण्याचं गाणं. मग लक्षात आलं की तिथे पोचेपर्यंत कान भरून गेलेले असतात आणि समोरचा माणूस तारेला हात लावतो तेव्हा मी अर्धंच ऐकते. आता सातारा, कराड, पेठ नाका, सगळं शांततेत जातं. चारशे किलोमीटरमध्ये डोक्यातले कॅटलॉग, क्लायंट, जीएसटी असं सगळं हळूहळू गळून पडतं. मला तो रस्ता हवाच असतो.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. सतार आणि तंबोरे घडवणारी ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तलवारींचं काम सरल्यावर एकोणिसाव्या शतकात हे हात वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव आजही तिथे मूळपुरुष म्हणून घेतात. भोपळे येतात पंढरपूर, मंगळवेढ्याकडून. भीमेकाठच्या त्या भोपळ्याची साल जाड आणि टणक असते. दुकानांच्या माळ्यावर तो वाळत पडलेला असतो, ओळीनं, आणि खालच्या मजल्यावर रंधा, पॉलिश आणि लाकडाचा वास. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात गवई तिथे येऊन गातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्याचं नाव झालं याचा मला मनापासून आनंद आहे. ते घडवणाऱ्या माणसाचा चेहरा मात्र मैफलीत बसलेल्या शंभरांतल्या एकालाही ठाऊक नसतो.

तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे मी गेले होते. ते तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवत होते. घोडीचा माथा कानशीनं अगदी कणभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज कुठे खुलतो ते बघायचं. मी त्यांच्या हातांचे फोटो काढत होते. बोटांवरच्या चिरा, नखात गेलेली लाकडाची भुकटी, वर खिडकीतला उजेड, फोटोग्राफरला यापेक्षा आणखी काय हवं? पाच-सहा मिनिटांनी ते म्हणाले, "बाई, हात किती काढताय? जवारी कानानं लागते."

मी कॅमेरा खाली ठेवला. खरंच होतं. कारागीर म्हटला की आम्ही हातच काढतो. राबणारे हात, सुरकुतलेले हात. चेहरा नसला की फोटो कुणाचाही होतो, आणि कुणाचाही झाला की छापणाऱ्याला नाव द्यायची गरज पडत नाही. त्या दिवशी मी पुढचा दीड तास नुसती बसले. मग त्यांनी तार छेडली आणि मान किंचित डावीकडे कलवून, डोळे न मिटता, समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत राहिले. तो एक फोटो मी काढला. ८५ मिमीची लेन्स, खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूला तो उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा. माझ्या सहा वर्षांच्या कामातलं मला सगळ्यात जवळचं चित्र तेच आहे.

तेव्हापासून मी वाजवतानाचे फोटो कमी काढते. वाजवून थांबल्यावरचे काढते. शेवटच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरत असते तेव्हा आठ-दहा सेकंद माणूस अजून त्याच्यातच असतो, कॅमेऱ्याची आठवण त्याला नंतर होते. त्या सेकंदांसाठी आधी दोन-तीन तास बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, ऐकावं लागतं. आणि आवाज न करणारं शटर लागतं, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.

जव्हारचं मला जास्त बोलायचं आहे.

ठाण्यात कुठेही बघा. सोसायटीच्या कंपाउंडची भिंत, पुलाचा खांब, शाळेचं फाटक, हॉटेलचं मेन्यूकार्ड. वारली चित्रं आहेत. आणि त्यात बहुतेक ठिकाणी ते वाटोळं फिरत गेलेलं नाचाचं कडं, आणि त्याच्या मध्यावर लांब वाद्य धरलेला एक माणूस. तो तारपकरी, तारपा वाजवणारा. दोन त्रिकोण, एक गोल, काड्यांचे हातपाय. मी लहानपणापासून त्याला बघतेय आणि चाळिशी उलटेपर्यंत एकदाही मनात आलं नव्हतं की या माणसाला चेहरा असेल. चित्र काढणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही, ती त्या कलेची भाषा आहे. पण ती चित्रं आपल्या भिंतींवर आणणारे आपण, आपल्याला कधी त्याला बघावंसं वाटलं नाही. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, तोवर जव्हार आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं.

भातकापणीच्या दिवसांत गेले. भिवंडी, वाडा, विक्रमगड, मग घाटाचा रस्ता. पाड्यावर पोचले तेव्हा तारपा वाजवणारे आजोबा शेतावर होते. दुपारी आले, हातपाय धुतले आणि छपराखाली टांगलेला तारपा उतरवला. वाळलेला दुधी, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणानं बुजवलेले. मला मिरजेच्या माळ्यावरचे भोपळे आठवले. एक भोपळा मैफलीच्या गादीवर जाऊन बसला आणि एक या छपराखाली राहिला. गूंज दोघांचीही पोटातूनच येते.

तारपा सुरू झाला की आवाज तुटत नाही. गालात हवा साठवून, नाकानं श्वास घेत, सलग वाजवत राहायचं. आजोबा सत्तरीचे असतील. वीस मिनिटं आवाज तुटला नाही. अंगणातली पोरं आपोआप हात गुंफून फिरायला लागली. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत, हे मी चित्रांत पाहिलं होतं. ते का, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. आवाजच असा आहे की त्याच्याकडे पाठ फिरवून उभं राहवत नाही. थांबले तेव्हा आजोबांचे गाल हळूहळू खाली बसले, ओठ जरा थरथरत होते, आणि ते कुठेतरी दूर शेताच्या कडेला बघत होते. फोटो झाला.

मी त्यांना कॅमेऱ्यावर दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा कागदावर येल का?"

येईल म्हटलं. आला. १२ बाय १८, मॅट कागद, मागे जाड पुठ्ठा, पुढे काच. परत नेऊन देताना रस्ता तेवढाच लांब असतो, आणि काही वेळा फक्त फोटो द्यायलाच जावं लागतं, त्या खेपेला नवीन काहीच मिळत नाही. तरी जावं असं माझं ठाम मत आहे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो नातवाच्या मोबाइलमध्ये जातो आणि मोबाइल बिघडला की संपतो. आपण त्यांच्याकडून चेहरा घेऊन येतो, प्रदर्शनात लावतो, आपलं नाव होतं. त्यांच्या भिंतीवर एक खिळासुद्धा ठोकला जात नसेल तर ते मला पटत नाही. आणि हो, मानधन. अर्धा दिवस जातो त्यांचा, शेतावरची मजुरी बुडते. ते मागत नाहीत म्हणून देऊ नये असं नाही.

एक चूक मी केली आहे, तीही सांगते. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट ओलांडून नारायणगावला गेले होते. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं गाव. एका राहुटीत हलगीवाले दादा बनियनवर बसून हलगी शेकवत होते. घामानं ओला गळा, मागे कनातीतून गाळून आलेला उजेड. मी म्हटलं, दादा, असेच बसा. ते म्हणाले, "थांबा ताई, आलोच." अर्ध्या तासानं आले. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा, गुलाबी फेटा. मी हिरमुसले, आणि तसं तोंडावर दिसलंही असणार. ते म्हणाले, "बनियनवर मला रोज बघतेत की लोक. फोटो असा पाहिजे."

मी दोन्ही काढले. घरी आल्यावर मोठ्या उत्साहानं बनियनवाला निवडला आणि माझ्या प्रदर्शनात लावला. तो फोटो लोकांना फार आवडला. वर्षभरानं फेट्यातला फोटो फ्रेम करून त्यांना द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तिकडं ठाण्यात हाच लावला ना?" माझ्या तोंडून "हो" गेलं. खोटं बोलले मी. परतीच्या वाटेवर घाटात गाडी बाजूला घेऊन बराच वेळ थांबले होते. तो बनियनवाला फोटो मी काढून टाकला, पुन्हा कुठेही लावणार नाही. दारिद्र्याचा उजेड चांगला पडतो हे आम्हा शहरातल्या फोटोग्राफरांना फार लवकर कळतं. फेटा बांधून यायला त्या माणसाला अर्धा तास लागला. तो अर्धा तासच त्याचं पोर्ट्रेट होतं, हे मला कळायला वर्ष लागलं.

अविनाश पसरिचांनी दिल्लीत आणि सतीश पाकणीकरांनी पुण्यात किती जीव ओतून मोठ्या गायक-वादकांचे चेहरे आपल्यासाठी टिपून ठेवले आहेत. त्यांची छायाचित्रं बघूनच मी कॅमेरा हातात धरला. भीमसेनजी डोळ्यांसमोर आणा म्हटलं तर आणता येतात. पण त्यांच्याच मागे बसून आयुष्यभर तंबोरा छेडणाऱ्यांपैकी एकाचा चेहरा आणून बघा.

काकांच्या घरी तेराव्यानंतर गेले होते. पेटी कोपऱ्यात, वर विणलेलं कव्हर. भिंतीवर पेपरातलाच फोटो मोठा करून लावलेला, चार बोटांसकट. काकूंनी चहा दिला. म्हणाल्या, "हे म्हणायचे, ती मुलगी कुठे कुठे जाते फोटो काढायला. एकदा आपल्याकडे बोलवू या तिला." मी काहीच बोलू शकले नाही. काकूंच्या परवानगीनं त्या पेटीचा फोटो काढला, झाकण उघडून. मधल्या सप्तकातल्या चार-पाच पट्ट्या बोटांनी झिजून खोलगट झाल्या आहेत.

प्रवास थांबवणार नाही. पुढच्या महिन्यात जेजुरीला वाघ्या-मुरळींकडे जायचं ठरलं आहे. पण दर महिन्यातला एक रविवार आता ठाण्याचा. तबल्याला शाई भरणारे, देवळात कीर्तनाला पेटी धरणारे, कळव्यातले नालवाले, चेंदणी कोळीवाड्यात लग्नाला बँजो वाजवणारे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकणारे. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कुठेही तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर मला मेसेज करा. पैसे नाहीत घेणार. मी घरी येईन, ऐकेन, फोटो काढेन आणि फ्रेम करून आणून देईन. त्यांना हवे ते कपडे घालू दे. नाव, गाव, वाद्य आणि कुणाकडे शिकले एवढं लिहून ठेवा, ते फोटोखाली जाईल.

पहिले नौपाड्यातले तबल्याचे आजोबा आहेत, वय ८१. काल फोन केला तर म्हणाले, "रविवारी ये, पण दहाच्या आत नको. ऊन दहानंतर येतं माझ्या खिडकीत."