सॅल्मन चावत नाही म्हणून त्याच्या अंगात गळ रुतवायचा? अजिबात नाही

व्हँकूवरकडच्या मराठी ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, सोबत छोटा व्हिडिओ. म्हणणं असं की नदीच्या मुखाशी आलेला सॅल्मन काही खात नाही, त्यामुळे आमिष लावणं फुकट, सरळ मोठा तीनतोंडी गळ थव्यात टाका आणि हिसका मारा, कुठेतरी रुतेलच. अलास्कात सगळे असंच करतात म्हणे. मासा तसाही मरायलाच आलेला असतो म्हणे. आणि आमिष लावायचंच असेल तर त्यावर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) फवारा, भरती-ओहोटी बघत बसू नका, वगैरे.

एरवी मी असल्या फॉरवर्डकडे दुर्लक्ष करतो. पण हा माझ्या भाच्याकडे पोचला, तो यंदाच लायसन्स काढून शिकतोय, आणि त्याने मला अगदी सरळपणे विचारलं, "मामा, तीनतोंडी गळ कुठल्या साइझचा घेऊ?" त्याची काही चूक नाही, मेसेज लिहिलाच आहे असा की नवशिक्याला वाटावं हीच रीत आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"खात नाही म्हणून आमिष फुकट." यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. गोड्या पाण्यात शिरायच्या सुमारास सॅल्मनचं खाणं बंद होतं, जठर आक्रसतं, पुढचा सगळा प्रवास अंगातल्या चरबीवर चालतो. पण भूक नसणं वेगळं आणि तोंड न मारणं वेगळं. पोट भरलेलं मांजरसुद्धा हलत्या दोरीवर झडप घालतंच ना. नदीत कोहो आणि चिनूक या सॅल्मनच्या जाती माशाच्याच गाबोळीवर (अंड्यांवर) सर्रास लागतात, खाणं थांबलेलं असताना. कधी चिडून, कधी जवळ आलेली वस्तू हाकलायला, कधी नुसत्या सवयीने. सॉकाय ही जात मात्र खरंच अवघड, तो समुद्रात मुख्यतः बारीक प्लवंगांवर जगतो आणि फ्रेझर नदीत वर चढताना गळाकडे फारसं बघत नाही. पण तोच सॉकाय व्हँकूवर बेटावरच्या अल्बर्नी इनलेट या खाडीत, सोमास नदीच्या बाहेर थांबलेला असताना, छोट्या गुलाबी हूचीवर (प्लॅस्टिकच्या झालरीचं नकली आमिष) दरवर्षी लोक पकडतात, तोंडातच. म्हणजे मुखाशी मासा चावतच नाही हे विधान सगळ्यात हट्टी सॉकायच्या बाबतीतही टिकत नाही.

आणि तो मुखाशी का थांबतो, हेही त्या मेसेजवाल्याने बघितलेलं नाही. समुद्रात असताना सॅल्मन खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, नदीत नेमकं उलट करावं लागतं. मचूळ पाण्यात रेंगाळताना ही अदलाबदल चालू असते. शिवाय नदीला पाणी कमी असेल किंवा ते गरम असेल तर तो पावसाची वाट बघत बाहेरच थांबतो. पाण्याचं तापमान १८ ते २० अंशांच्या वर गेलं की सॉकायला चढणं जड जातं, २०१५ साली कोलंबिया नदीत गरम पाण्याने अडीच लाखांच्या आसपास सॉकाय मेले. तर असा ताणाखाली थांबलेला मासा आहे हा.

आता हिसक्याबद्दल, कारण खरा राग याचाच आहे.

ब्रिटिश कोलंबियात मुद्दाम माशाच्या अंगात गळ रुतवणं बेकायदा आहे. हेरिंगसारखे काही छोटे मासे याला अपवाद आहेत, सॅल्मन नाही. चुकून तोंडाबाहेर कुठेही गळ लागला तरी मासा ताबडतोब सोडायचा, घरी न्यायचा नाही. सॅल्मनसाठी गळही बिनकाट्याचा लागतो, म्हणजे टोकाला उलटा आकडा नसलेला. हे सगळं कॅनडाच्या फिशरीज खात्याच्या नियमांत लिहिलेलं आहे, कुणालाही वाचता येतं, आणि व्हिडिओतला गळ तर चक्क आकड्यांचा दिसतोय. नवीन माणूस हा व्हिडिओ बघून कॅपिलानो नदीच्या मुखाशी, अँबलसाइडच्या किनाऱ्यावर उभा राहिला आणि हिसके मारायला लागला तर दंड तो भरणार, मेसेज लिहिणारा नाही.

पण कायदा बाजूला ठेवा. समुद्रातून नुकत्या आलेल्या कोहोचे खवले फार सैल असतात, नुसता हात लावला तरी चांदीसारखे बोटांना चिकटून येतात. असा मासा पोटात किंवा पाठीच्या परामागे गळ रुतून ओढला की तो आडवा येतो, त्याचं डोकं आपल्याकडे वळवता येत नाही, त्यामुळे झुंज लांबते, गळाभोवतीची कातडी फाटत जाते आणि शेवटी सुटला तरी जखम उघडीच राहते. गोड्या पाण्यात अशा जखमेवर बुरशी धरते. खाणं बंद आहे, त्यामुळे गेलेली ताकद भरून येणार नाही. आणि हिसका मारणाऱ्याला मासा निवडता येत नाही. दक्षिण बीसीत (ब्रिटिश कोलंबियात) बऱ्याच ठिकाणी पाठीमागचा छोटा चरबीचा पर कापलेला हॅचरीचा, म्हणजे पैदास केंद्रातला कोहोच ठेवता येतो, जंगली कोहो सोडावा लागतो. फ्रेझरच्या वरच्या भागातला कोहो २००२ पासून धोक्यातला गणला गेलाय. तोंडात लागलेला जंगली मासा पाण्यातच ठेवून गळ काढून सोडता येतो, पोट फाटलेला कसा सोडणार?

"अलास्कात चालतं." हो, तिथे खाऱ्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी परवानगी आहे. गोड्या पाण्यात तिथेही मनाई आहे. आणि आपण राहतो बीसीत, तिथला नियम इथे दाखवून सुटका होत नाही.

"तसाही मरणारच आहे." हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. पॅसिफिक सॅल्मन मरतो तो अंडी घातल्यावर, आधी नाही. चिनूकच्या एका मादीत तीन हजार ते चौदा हजार अंडी असतात, तिला मुखाशीच जखमी केलंत तर ती सगळी गेली. मेल्यावरही त्या माशावर अस्वलं, गरुड, नदीतले किडे जगतात, काठच्या झाडांतही समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडतो. नियमात बसतो तेवढा मासा घरी न्या, आनंदाने खा, त्याला कुणाची ना नाही. पण मरणारच आहे म्हणून त्याचे कसेही हाल करायचे, हे मला पटत नाही.

डब्ल्यूडी-४० वर जास्त बोलण्यासारखं नाही. त्यात माशाचं तेल असतं ही जुनी अफवा आहे, कंपनीने स्वतःच ती खोडून काढलीये. पेट्रोलियमपासून बनलेली वस्तू आहे, नदीच्या तोंडाशी फवारू नका, बस. पण वासाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण सॅल्मन आपली नदी ओळखतो तीच नाकाने. ब्रेट आणि मॅकिनन या दोघांनी १९५४ मध्ये याच सोमासच्या वरच्या अंगाला, स्टॅम्प फॉल्सला प्रयोग छापला होता, माणसाचे हात धुतलेलं पाणी प्रवाहात सोडलं की वर चढणारे कोहो आणि चिनूक बिचकून थांबत होते. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी त्यामागचं मुख्य द्रव्य शोधलं, एल-सेरीन नावाचं अमिनो आम्ल, आपल्या कातडीवर असतं ते. तेव्हा स्प्रे विकत घेण्यापेक्षा आमिषाला हात लावायच्या आधी हात नीट धुवा, किंवा ग्लव्ह्ज घाला.

भरती-ओहोटी बघू नका हा सल्ला तर उलटाच आहे. मुखाशी सगळा खेळ पाण्याच्या हालचालीवर असतो. उजाडताना, भरती चढत असताना मासे काठाजवळ येतात आणि चालते असतात, तेव्हा जा. कडक उन्हात, संथ स्वच्छ पाण्यात जागच्या जागी उड्या मारणाऱ्या माशांवर तासन्‌तास स्पून (चमच्यासारखं धातूचं नकली आमिष) फेकत बसू नका, ते सहसा घेत नाहीत. थव्याच्या मध्ये न टाकता त्यांच्या वाटेच्या पुढे टाका, स्पून लहान करा, थोडा बुडू द्या, मग हळू ओढा आणि मध्येच थांबा, कोहो बरेचदा त्या थांबण्यावर, स्पून खाली जाताना तोंड मारतो. मागे मागे येऊन पायाशी वळून जात असेल तर रंग बदलायच्या आधी वेग बदला. विषम वर्षी फ्रेझरकडे पिंक जातीचे सॅल्मन येतात, त्यांना छोटी गुलाबी जिग (वजन असलेलं छोटं नकली आमिष) पुरते. आणि तरीही लागला नाही तर पुढच्या भरतीला परत जा, किंवा पाऊस पडून नदी चढली की वर, जिथे परवानगी असेल तिथे, गाबोळी लावून बघा.