जातं फिरवायला द्यायचं असेल, तर आधी त्याला टाकी घाला

ग्रामजीवनाची संग्रहालयं आणि कृषी पर्यटन केंद्रं यांत हल्ली 'अनुभव घ्या' असा एक कोपरा असतो. मुलं जात्याचे दोन फेरे मारतात, कुंभाराच्या चाकावर बोटं टेकवतात, बैलगाडीत बसतात, फोटो निघतात आणि सहल पुढे सरकते. हे कोपरे हवेतच. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरच्या सिद्धगिरी संग्रहालयात बारा बलुतेदारांचे पुतळे पाहून गावगाड्यातली माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात, पण रंधा धरलेल्या पुतळ्याकडून रंधा मारायला शिकता येत नाही. मात्र हाताला काम द्यायचं तर ते पूर्ण द्यावं, आणि चालू स्थितीतल्या अवजारानं द्यावं. फोटोपुरता लावलेला हात काहीच शिकत नाही. उलट 'हे तर सोपं होतं' असा चुकीचा समज घेऊन मूल घरी जातं.

जात्याचंच घ्या. बहुतेक ठिकाणी ठेवलेलं जातं बोथट असतं. वरच्या तळीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि ते गुळगुळीत सरकलं, तर त्यात दळण होणारच नाही. दाणा फुटतो, पण पीठ होत नाही आणि जातं नुसतं जड लागतं. टाकी घालणारा माणूस शोधावा. टाकी घालणं म्हणजे छिन्नी-हातोडीनं दोन्ही तळ्यांना बारीक खाचे पाडणं, आणि ते काही तासांचं काम आहे. नव्या टाकीनंतरचं पहिलं दळण टाकून द्यायचं, कारण त्यात दगडाची कच येते. एवढ्यासाठी थोडं हलकं धान्य किंवा कोंडा दळून घ्यावा.

वैरण घालण्यातही, म्हणजे जात्याच्या तोंडात दाणे टाकण्यातही, चुका होतात. मुलं ओंजळभर दाणे एकदम ओततात, मग भरड पडते. छोटी मूठ घालायची, दोन-तीन फेरे होऊ द्यायचे, मग पुढची मूठ. वैरण थांबवून जातं फिरवत राहिलं की दगडावर दगड घासतो आणि पिठात पुन्हा कच. डाळ भरडायची असेल तर खालच्या तळीच्या खुंटीभोवती चिंधी गुंडाळतात. त्यानं वरची तळी जराशी उचलली जाते आणि दाण्याचं पीठ न होता दोन फाका होतात. ही चिंधी मुलांच्या हातांनी घालून आणि काढून दाखवली, की दोन दगडांमधल्या फटीचं महत्त्व भाषण न देता कळतं.

प्रत्येक जोडीला दोनशे ग्रॅम ज्वारी द्या, म्हणजे दोन भाकरींचं पीठ. दोघांनी समोरासमोर बसायचं, एक पाय लांब, एक दुमडलेला, दोघांचे हात एकाच खुंट्यावर. सगळी ज्वारी संपेपर्यंत उठायचं नाही. मग चाळायचं आणि त्याच पिठाची भाकरी थापायची. ताज्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, असते म्हणून भाकरी थापता येते. शिळ्या पिठाची कडेनं चिरते. शेजारी आठवडाभर आधी दळलेलं पीठ ठेवलं, तर फरक मुलांनाच दिसेल. कोपऱ्यात स्पीकरवर ओव्या लावू नका. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा झाल्या, त्या जातं ओढता ओढता उमटलेल्या आहेत. एखादी ओवी फेऱ्याच्या लयीत म्हणायला शिकवा. दम कुठे लागतो आणि ओळ कुठे तुटते, ते जातंच सांगेल.

दोर वळणं ही माझ्या मते संग्रहालयासाठी सर्वांत चांगली कृती आहे. जागा कमी लागते, धोका नाही, आणि अर्ध्या तासात वापरता येईल अशी वस्तू हातात येते. पण ती नायलॉनच्या सुतळीवर उरकू नये. अंबाडी किंवा घायपाताचा वाख, म्हणजे सालीचे-पानांचे तंतू, आणावा. अंबाडीच्या पेंढ्या साधारण दहा ते पंधरा दिवस पाण्यात भिजत ठेवतात. कमी कुजली तर साल काडीला चिकटून राहते, जास्त कुजली तर वाख हातातच तुटतो. थंडीत जास्त दिवस लागतात, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा काडी ओढून पाहणं खरं.

वळताना मुख्य गोष्ट पिळाची दिशा. प्रत्येक पेडाला एकाच दिशेनं पीळ द्यायचा आणि तीन पेड एकत्र येताना उलट्या दिशेनं. आतला पीळ सुटू पाहतो, बाहेरचा त्याला धरतो, म्हणून दोर उलगडत नाही. सगळे पीळ एकाच बाजूला दिले तर सोडल्याबरोबर दोर सुटतो. ही चूक मुलांना मुद्दाम एकदा करू द्यावी. तीन खाचांचा लाकडी ठोकळा मध्ये धरला तर पेड सारखे पडतात; ठोकळा घाईनं पुढे नेला की दोर सैल राहतो. आणि लांबी घटते: दहा हात दोर हवा असेल तर पेड चौदा-पंधरा हातांचे घ्यावे लागतात.

इथे एक गोष्ट फलकावर स्पष्ट लिहायला हवी. दोर वळणं मांगांच्या वाट्याला आलं, मोटेचं कातडं कमावणं ढोरांच्या, आणि ती माणसाची निवड नव्हती. बलुतं जातीनं ठरत होतं. हसऱ्या चेहऱ्याचे पुतळे आणि 'सुखी गाव' अशी पाटी लावून हे झाकणं मला मान्य नाही. ज्या समाजांनी ही कौशल्यं टिकवली, त्यांच्यातलेच जाणकार शिकवायला बोलवावेत, आणि त्यांना मानधन पाहुण्या व्याख्यात्याइतकंच द्यावं. चहापाण्यावर भागवू नये.

तिफणीबद्दल, म्हणजे पेरणीच्या तीन फणांच्या अवजाराबद्दल, क्युरेटर मंडळी म्हणतात, जुनी आहे, मोडेल. बरोबर आहे. जुनी काचेमागेच असावी. वापरायची तिफण सुतार-लोहाराकडून नवी करून घ्या. तेवढ्यानं फण, नळ्या आणि चाडं यांचा मेळ बसवणाऱ्या हाताला कामही मिळतं. भोपाळच्या मानव संग्रहालयात त्या त्या समाजांतल्या लोकांनी येऊन आपली घरं उभारली. तोच विचार अवजारांना लावायला काय हरकत आहे?

पेरण्याचं खरं कौशल्य चाड्यावरच्या, म्हणजे नळ्यांत बी सोडायच्या वाटीवरच्या, मुठीत आहे. रब्बी ज्वारीला एकरी सुमारे चार किलो बी आणि दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर धरलं, तर दहा मीटर चालताना तिन्ही नळ्यांतून मिळून तेरा-चौदा ग्रॅम बी पडायला हवं, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा. आधी अंगणात ताडपत्री अंथरून, तिफण माणसांनी हळूहळू ओढत हे करून पाहा आणि तिन्ही ओळींतले दाणे वेगवेगळे मोजा. नवख्या हातानं तिन्ही नळ्यांत बी सारखं पडत नाही. शेतात गेल्यावर दुसरी अडचण येते: वळताना तिफण उचलली नाही किंवा बैल मागे सरले, तर फणाच्या तोंडाशी माती भरते आणि नळी तुंबते. वरून बी पडताना दिसतं, जमिनीत मात्र काहीच जात नाही. आठ-दहा दिवसांनी ओळीच्या ओळी मोकळ्या दिसतात. शाळेनं दोनदा यावं, पेरायला आणि उगवलेलं पाहायला, ही मागणी त्यासाठीच.

कुंभाराच्या चाकावर पाच मिनिटं मिळून काही होत नाही. ओलं भांडं पिशवीत घालून घरी नेलं की बसतं किंवा तडकतं. ते सावलीत आठवडाभर वाळायला हवं, नाहीतर भट्टीत आतल्या ओलीची वाफ होऊन फुटतं. ते जमणार नसेल तर मुलांना माती मळायला, खडे वेचायला आणि राख मिसळायला बसवा.

आणि वर्षभर एकच कार्यक्रम चालवू नका. हुरडा डिसेंबर-जानेवारीत, दाणा दुधाळ टप्पा ओलांडून कोवळा असतो तेव्हाच. अंबाडी पावसाळ्यानंतर. रब्बीची तिफण सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऑगस्टमध्ये सहल आली तर तण काढायचं हातकोळपं द्या आणि उभ्या पिकाच्या दोन ओळींमधून चालायला लावा. कोळप्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, फार खोल गेली तर मुळं कापली जातात, फार वर राहिली तर तण नुसतं वाकतं. वीस-पंचवीस पावलांची एक ओळ प्रत्येकाला नीट पूर्ण करू द्या.