कोबॉटला म्हणे जाळी लागत नाही

‘कोबॉटला जाळी लागत नाही, प्रोग्रॅमर लागत नाही आणि वर्षभरात शेजारचा माणूसही लागत नाही.’ या अर्थाचा मजकूर कारखानदारांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा रोबॉटचा हात; जाळी म्हणजे रोबॉटभोवतीचं संरक्षक कुंपण. तिन्ही दावे एका दमात वाचले की पटतात. सुटे करून पाहू.

आधी जाळी, कारण इथली चूक थेट हातावर बेतते. काही आडवं आलं की कोबॉट थांबतो, हे खरं. मोटरच्या करंटवरून किंवा सांध्यातल्या टॉर्क सेन्सरवरून (पीळ मोजणाऱ्या सेन्सरवरून) त्याला अडथळा कळतो. पण बहुतेक वेळा तो कळतो धक्का लागल्यावर. तो धक्का किती चालेल, हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या टीएस १५०६६ या २०१६ च्या दस्तऐवजात शरीराच्या २९ जागांसाठी दिलं आहे. हात किंवा बोट चेपलं जात असेल तर १४० न्यूटन. चेहऱ्यासाठी जेमतेम ६५, म्हणजे साधारण साडेसहा किलोचा भार.

आता ग्रिपरमध्ये, म्हणजे कोबॉटच्या पंजात, पत्र्याचा जॉब (घडवायचा तुकडा) आहे आणि कडेची बर, म्हणजे धारदार कंगोरा, काढलेली नाही, असं धरा. बोट कापायला १४० न्यूटन कशाला लागतात? तोच जॉब बसलेल्या ऑपरेटरच्या डोळ्यांच्या उंचीवरून फिरत असेल तर कोबॉटचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून काय उपयोग! म्हणूनच रोबॉटच्या सुरक्षिततेचं मानक असलेल्या आयएसओ १०२१८ च्या २०२५ च्या आवृत्तीत ‘कोलॅबरेटिव्ह रोबॉट’ असा प्रकारच ठेवलेला नाही. तपासायची ती सगळी मांडणी: ग्रिपर, जॉब, फिक्श्चर (जॉब धरून ठेवणारा साचा), माणूस कुठे उभा राहतो, त्याचा हात कुठे अडकू शकतो. या रिस्क असेसमेंटनंतर, म्हणजे धोक्याच्या तपासणीनंतर, कधी जाळी खरंच लागत नाही. कधी वेग इतका उतरवावा लागतो की सायकल टाइमचं (एका जॉबला लागणाऱ्या वेळेचं) गणितच बसत नाही; मग लेझर स्कॅनर लावून माणूस जवळ आला की हळू, आणखी जवळ आला की बंद, अशी सोय करतात. आणि कधी मुकाट्याने जाळीच लावतात. स्कॅनरचा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का, हे ऑर्डर देण्याआधीच विचारावं.

प्रोग्रॅमरचा दावा अर्धा खरा आहे. कोबॉटला हाताने ओढत नेऊन कुठे कुठे जायचं ते पॉइंट शिकवणं नवखाही पटकन शिकतो. जॉब तिरका आला तर काय, ग्रिपरमधून निसटला तर काय, ज्या मशीनमध्ये जॉब ठेवायचा तिने ‘दार उघडलं’ हा सिग्नलच दिला नाही तर काय, यातच खरा वेळ जातो.

राहिला माणूस. कोबॉटची कल्पना १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या कोलगेट आणि पेश्किन यांनी मांडली, ती कामगाराच्या हाताला मदत म्हणून. त्यांच्या यंत्रात हालचालीची ताकद माणसाचीच होती. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात गाडीच्या दाराच्या आतलं इन्सुलेशन दाबून बसवायचं काम कोबॉटला दिलं, कारण ते सतत केलं की हातावर ताण येतो. आणि टेस्लात ऑटोमेशनचा अतिरेक झाल्याची कबुली २०१८ मध्ये खुद्द मस्क यांनी दिली.

म्हणून रोजगाराला धक्काच बसत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९९० ते २००७ च्या अमेरिकी आकडेवारीवर असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो या अर्थशास्त्रज्ञांना रोबॉटमुळे नोकऱ्या आणि मजुरी दोन्ही घटल्याचं दिसलं. फक्त ते रोबॉट जाळीमागचे होते. युनिव्हर्सल रोबॉट्स कंपनीचा यूआर५ हा कोबॉट पहिल्यांदा विकला गेला तोच २००८ मध्ये. तेव्हा ‘कोबॉट माणूस काढतो’ म्हणून ही आकडेवारी कोणी पुढे केली, तर आधी साल बघा.