कोडावर रोज सॅशे? आधी तो अभ्यास तरी वाचा

काल भाचीने फोटो पाठवला. दुधाचा ग्लास, बाजूला व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं फाडलेलं सॅशे, खाली लिहिलेलं, "मामा, आजचं सहावं." रोज एक, सलग सहा दिवस! कारण काय तर फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: कोड (त्वचेवरचे पांढरे डाग) म्हणजे निव्वळ व्हिटॅमिन डीची कमतरता, ब्राझीलच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय, रोज एक सॅशे दुधातून 3 महिने घ्या, दुपारच्या उन्हात बसा, डागांवरच्या मलमाची ट्यूब बंद करा, मासे-दूध एकत्र खाऊ नका.

ब्राझीलचा तो अभ्यास 2013 चा, मी वाचलाय. कोडाचे पेशंट फक्त 16, डोस रोज 35,000, आणि त्या लोकांचं दूध-दही बंद केलेलं, दिवसाला किमान अडीच लिटर पाणी प्यायला लावलेलं, वर रक्तातलं-लघवीतलं कॅल्शियम तपासत होते, कारण इतकं डी पोटात गेलं की कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. आणि आपण तेच दुधात ढवळून पोरीला देतोय, एकही टेस्ट न करता! डॉक्टर सॅशे लिहून देतात ते आठवड्याला एक, साधारण 8 आठवडे, म्हणजे 4 लाख 80 हजार युनिट. मेसेजच्या हिशोबाने होतात 54 लाख. उलट्या, मुतखडा, किडनी खराब, काहीही होऊ शकतं. 16 पैकी 14 जणांचे डाग 25 ते 75 टक्के भरले हे खरंय, पण डी न घेणारे पेशंट तुलनेला नव्हतेच, मग सिद्ध काय झालं?

कोडाच्या पेशंटमध्ये डी कमी सापडतं, मान्य. आपल्याकडे ते कोणाचं कमी नसतं? कमी असेल तर विचारून भरून काढा. पण कोडात आपल्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पेशी) त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारतात, ते डीची लेव्हल वर आली म्हणून थांबत नाही. टेस्ट करताय तर थायरॉइडचीही करा, कोडाबरोबर तो त्रास बऱ्याच जणांना असतो.

उन्हाचं म्हणाल तर डागात मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, नसतं, तिथली कातडी पटकन भाजते आणि भाजलेल्या जागी नवा डाग उठू शकतो. डॉक्टरांची लाइट थेरपी मोजून देतात, गच्चीत बसून ती होत नाही. मासे-दुधाने कोड होत नाही, विषय संपला.

सगळ्यात जास्त राग "ट्यूब बंद करा"चा आला. भाचीच्या गालावरच्या डागात मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसायला लागले होते, म्हणजे रंग परत येत होता, चार महिने न चुकता ट्यूब लावल्यावर! ती आठवडाभर बंद. आज रात्रीपासून परत सुरू करायला लावलीय, सॅशे बंद, उद्या सकाळी कॅल्शियम आणि क्रिएटिनिनची (किडनीची) टेस्ट करून रिपोर्ट घेऊन तिच्या स्किनच्या डॉक्टरांकडे जातोय.