रोझबाईंना हेर म्हणू नका

रोझ वालाँ यांचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं: 'नाझींच्या नाकाखाली हेरगिरी करणारी बाई'. मला या 'हेर' शब्दाचा राग येतो. बाई कला-इतिहासकार होत्या, आणि त्यांनी जे केलं ते नोंदवही चोख ठेवायची सवय असलेल्या माणसालाच जमतं.

जन्म १८९८चा, वडील घोड्यांना नाल ठोकणारे लोहार. मुलगी शिकली मात्र लियाँ, एकोल द लूव्र, सॉर्बोन असं करत करत. एवढं शिकून १९३२ साली पॅरिसच्या झ्यू द पोम संग्रहालयात काम मिळालं ते बिनपगारी! पगार सुरू झाला १९४१ साली, म्हणजे जर्मन येऊन बसल्यावर. (आपल्याकडची 'मानद' पदं आठवली ना?)

ज्यू कुटुंबांकडून लुटलेली चित्रं १९४०च्या अखेरीपासून याच इमारतीत येऊ लागली. हिटलरचा उजवा हात गोरिंग वीसेक वेळा येऊन गेला, साड्यांच्या दुकानात बसल्यासारखा पसंती करायला. बाईंना जर्मन कळतं, हे त्या साहेबांच्या गावीही नव्हतं. दिवसभर ऐकायचं, कुठली पेटी कुठे निघाली ते डोक्यात ठेवायचं, रात्री घरी उतरवून काढायचं. फोटोंच्या निगेटिव्ह संध्याकाळी पिशवीत, प्रती काढून सकाळी परत जागेवर. अशी जवळजवळ चार वर्षं! एकदा पत्ता टिपताना ब्रूनो लोझे या नाझी दलालाने पकडलं. गोळी घालतील, म्हणाला. बाईंचं उत्तर साधारण असं, की इथे काम करणाऱ्या कुणाला ते माहीत नाही?

ऑगस्ट १९४४ मध्ये चित्रांच्या १४८ पेट्या जर्मनीला जाणाऱ्या आगगाडीत चढल्या. बाईंनी खबर पोचवली, रेल्वे कामगारांनी गाडी रखडवली. फ्रेंच सैनिकांनी डबे उघडले, तर तुकडीप्रमुख अलेक्झांडर रोझेनबर्गसमोर त्याच्याच वडिलांकडून लुटलेली चित्रं! १९६४ साली हॉलिवूडने यावर चित्रपट काढला. भाव सगळा बर्ट लँकेस्टरला. बाईंवर बेतलेलं पात्र थोडा वेळ दिसतं नि गायब.

जर्मनीतल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यात लूट दडवलीय, हेही अमेरिकनांना बाईंनीच सांगितलं. मग फ्रेंच सैन्यात कॅप्टन होऊन त्या १९५३पर्यंत जर्मनीत शोध घेत राहिल्या. सुमारे ६०,००० वस्तू फ्रान्सला परतल्या. क्युरेटरचं पद? १९५२ साली, पन्नाशी उलटल्यावर.

परत आलेल्या, पण मालक न सापडलेल्या साधारण २,००० कलाकृती अजून फ्रेंच संग्रहालयांत 'एमएनआर' (म्हणजे 'परत मिळवलेल्या') असा क्रमांक लावून ठेवल्या आहेत. सरकार त्यांचं मालक नाही, फक्त राखणदार. वारस शोधणारे आजही बाईंनी तेव्हा टिपलेली नोंद काढून बसतात.